आगबोटीच्या वाटेनं: मुंबई ते देवगड, सुभेदार आजोबांच्या वर्षश्राद्धाला

आजोबा पलटणीतून रजेवर घरी यायचे ते आगबोटीनं. आगगाडीनं मुंबईपर्यंत, भाऊच्या धक्क्यावर बोट, आणि मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी एकेक बंदरं मागे टाकत देवगड. रजा पावसाळ्यात आली तर बोट बंद असायची, मग कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून एसटीनं. पण त्यांना आवडायची बोटच. गेल्या डिसेंबरात ते गेले, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी. यंदा वर्षश्राद्धाला निघताना बाबा म्हणाले, थेट महामार्गानं जायला नको, बोट लागायची ती बंदरं घेत जाऊ. गाडीत बाबा, मी आणि माझी बारावी झालेली लेक. माझा नवरा मागाहून तुतारी एक्स्प्रेसनं कणकवलीला उतरणार होता.

दिवस पहिला: मुंबई – माणगाव – दापोली – हर्णै

पहाटे निघालो. माणगावात पहिला थांबा घेतला तो चहासाठी नाही, यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यासाठी. नाईक यशवंत घाडगे इथल्याच पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा बावीस वर्षांचा मुलगा एकटा मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथंच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याच मराठा रेजिमेंटच्या नामदेव जाधवांना पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इटलीतच, सेनिओ नदीवर तोच मान मिळाला आणि ते जिवंत परतले. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरुटांना ही दोन्ही नावं पाठ असायची. आजोबा १९५३ साली भरती झाले, तेव्हा या लढायांतले लोक उस्ताद म्हणून शिकवायला होते.

आजोबांनी ही गोष्ट आम्हा नातवंडांना पुष्कळदा सांगितली आणि प्रत्येक वेळी ती घाडगेंच्या बायकोपाशी आणून थांबवली. पदक तिच्या हाती आलं. "पुढं तिचं कसं झालं असंल?" असं ते आम्हालाच विचारायचे. लहानपणी मला वाटायचं, लढाई संपली की गोष्ट संपली, हे पुढचं कशाला? या प्रवासात ते मला नीट कळलं. कसं, ते पुढे येईल.

महाड, कशेडी, खेड करत दुपारी दापोलीत पोचलो. जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात. इंग्रजांची छावणी होती इथं आणि नंतर निवृत्त देशी शिपायांची वस्ती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर काही काळ इथंच राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत असलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात थांबवली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. कोकणात किती घरं अशी पगारावर आणि पेन्शनवर उभी राहिली, आणि ती वाट बंद झाल्यावर किती घरं खचली, याचा विचार दापोलीतून जाताना मनातून जाईना.

संध्याकाळी हर्णै. बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहायचा असेल तर ऊन उतरायच्या सुमाराला पोचा. वाळूवर मासळीचे ढीग, भोवती कोंडाळं, आणि बोली लावणाऱ्या बहुतेक बायकाच. समोर सुवर्णदुर्ग. आम्ही दोन बांगडे आणि एक मध्यम सुरमई घेतली. जिथं उतरलो होतो तिथल्या ताईंनी ती तिरफळ घालून करून दिली. सोबत तांदळाची भाकरी. लेकीनं दोन भाकऱ्या जास्त मागून घेतल्या.

दिवस दुसरा: हर्णै – दाभोळ – गुहागर – जयगड – रत्नागिरी

सकाळी इतकं दव पडलं होतं की गाडीची काच तीनदा पुसावी लागली. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून धोपाव्याला उतरलो. ही बोट नसती तर चिपळूणवरून मोठा वळसा पडला असता. पुढे गुहागरच्या पोफळीच्या बागांतला रस्ता, मग तवसाळहून दुसरी फेरीबोट घेऊन जयगड.

या वाटेनं जाणार असाल तर: दोन्ही फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, तवसाळची शेवटची फेरी हुकली तर रात्री फिरून जाणं नकोसं होतं. सुटे पैसे जवळ ठेवा. गुहागरला पेट्रोल भरून घ्या, पुढं पंप कमी आहेत.

जयगडच्या जेट्टीवर जाळं दुरुस्त करत एक आजोबा बसले होते. बाबांनी सहज विचारलं, आगबोट कुठं लागायची? त्यांनी हातातली सुई ठेवली. बोट धक्क्याला लागायचीच नाही, ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. मग पडाव, म्हणजे छोटी होडी, बोटीच्या बाजूला न्यायचा, लाट वर आली की माणूस पडावात घ्यायचा, लाट खाली गेली की थांबायचं. बायकांना, पोरांना, म्हाताऱ्यांना खांद्याला धरून उतरवायचं. ते स्वतः पोरवयात वडिलांबरोबर पडावावर होते. "शिपाई लोक बरे," ते म्हणाले, "सांगितलं की उडी टाकायचे. पण त्यांच्या ट्रंका! लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर. दोघं लागायचे उचलायला." बाबा हसायला लागले. आमच्या माळ्यावर तशीच ट्रंक आहे.

त्यांनी 'रोहिणी' आणि 'कोकण सेवक' या बोटींची नावं घेतली. ही नावं मी आजोबांच्या तोंडून इतकी ऐकली आहेत की ती आमच्या नात्यातलीच माणसं आहेत असं वाटायचं. शहाळं फोडून दिलं त्याचे पैसे त्या आजोबांनी घेतले नाहीत. उलट विचारलं, "तुमचे सुभेदार किती वर्षं जगले?" बाबांनी आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग पेन्शन चांगली खाल्ली." आणि मान डोलावत सुई परत हातात घेतली. हे त्यांनी फार चांगल्या मनानं म्हटलं होतं. कोकणात निवृत्त शिपाई पुष्कळ जगला तर गावाला त्याचा अभिमानच वाटतो.

रत्नागिरीला अंधारात पोचलो. तिथं जेवून झोपलो, एवढंच.

दिवस तिसरा: रत्नागिरी – पावस – मुसाकाजी – विजयदुर्ग – देवगड

पावस, पूर्णगड, आडिवरे, कशेळी. या पट्ट्यात रस्ता कधी कातळाच्या सड्यावर चढतो, कधी माडांत उतरतो. सड्यावरचं गवत डिसेंबरात पिवळं पडलेलं असतं आणि त्यापलीकडे समुद्र एकदम दिसतो. नाट्याच्या पुढे यशवंतगड आणि आंबोळगडाजवळ मुसाकाजी. एके काळी राजापूर तालुक्यातली माणसं मुंबईला जायला इथं येऊन बोट धरायची. आज तिथं काही मच्छीमार बोटी आणि भरपूर शांतता. इथं खायला काही मिळेल हे धरून चालू नका, आडिवऱ्याला जेवून घ्या.

देवगड बंदरावर ऊन कलताना पोचलो आणि इथं बाबा बोलायला लागले.

१९७२ चा उन्हाळा असावा, पावसाळ्यापूर्वीचा. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. बांगलादेशची लढाई जिंकून आजोबा पहिल्यांदाच घरी येत होते. आजी, बाबा आणि धाकटी आत्या बैलगाडीनं आदल्या रात्रीच बंदरावर येऊन राहिली होती. बोटीतून माणसं उतरली, आजोबा मात्र पडावात उभे राहून वर काहीतरी ओरडत होते. वरून दोरीनं बांधलेलं मोठं खोकं हळूहळू खाली येत होतं. ते पाण्यात पडू नये म्हणून आजोबांनी दोन्ही हात वर धरले होते. खोक्यात होतं उषाचं शिलाई मशीन. ढाक्याहून परतताना पलटण कलकत्त्याला थांबली तेव्हा घेतलेलं. तिथून आगगाडीनं मुंबई, मुंबईहून बोट, बोटीतून पडाव, पडावातून बैलगाडी असं ते आमच्या पडवीत आलं.

त्या मशीनवर आजीनं पुढची तीस वर्षं गावाचे परकर, पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवले. बाबांच्या कॉलेजची फी त्यातूनच गेली. आजोबांना वर्षाला दोन महिन्यांची रजा मिळायची. बाबांनी तिथं धक्क्यावर उभं राहून हिशेब केला: चोवीस वर्षांच्या नोकरीत ते घरी राहिले ते सगळे मिळून चार वर्षं. बाकीची वीस वर्षं घर, शेत, सासू-सासरे, मुलांची आजारपणं, सगळं आजीनं एकटीनं काढलं, मनीऑर्डरच्या पैशांवर आणि त्या मशीनवर. आजोबांना याची पूर्ण जाणीव होती. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी आजीला विहिरीवर पाण्याला जाऊ दिलं नाही. गावातल्या पुरुषांना ते विचित्र वाटायचं. खांद्यावर कळशी घेतलेले सुभेदार मीही लहानपणी पाहिले आहेत.

रात्री गावी पोचलो. आमचं गाव मिठबावच्या पुढं, आचऱ्याच्या अलीकडे. काकीनं गरम पेज आणि भाजलेले सुके बांगडे ठेवले होते.

दिवस चौथा: गाव, ११ डिसेंबर

आमच्या घरात १६ डिसेंबरच्या विजय दिवसापेक्षा ११ डिसेंबर मोठा. ११ डिसेंबर म्हणजे बांगलादेशच्या लढाईतलं जमालपूर.

आजोबा १ मराठा लाइट इन्फंट्रीत, 'जंगी पलटणी'त, नायब सुभेदार होते. ब्रिगेडियर क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमधली ही पलटण. पलटणीचे कर्नल होते कुलदीपसिंग ब्रार. ब्रह्मपुत्रा ओलांडून ते जमालपूरच्या पाठीमागे गेले आणि टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवून बसले. आजोबा म्हणायचे, नदी आपल्या आचऱ्याच्या खाडीसारखी, पण पलीकडचा काठच दिसत नाही. शहरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. ब्रिगेडियरनी शरणागतीचं पत्र पाठवलं तर त्यांच्या कमांडरनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री ते लोक घेरा फोडून निघाले, ते थेट आजोबांच्या पलटणीच्या अंगावर आले. उजाडेपर्यंत गोळीबार चालू होता. ११ ला जमालपूर पडलं आणि टांगाइल, ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. १६ ला पलटण ढाक्यात होती.

त्या रात्रीबद्दल आजोबा मोकळेपणानं सांगायचे. वाळूतल्या खंदकात किती थंडी होती, बाजूच्या मोर्च्यातला बेळगावकडचा पोरगा कसा गेला, सकाळी शत्रूच्या जखमींना पाणी पाजताना त्यांच्यातला एक जण "आई" या अर्थाचा त्याच्या भाषेतला शब्द कसा परत परत म्हणत होता. सांगून झालं की उठून चुलीपाशी जायचे. कारण ११ डिसेंबरला आमच्याकडे बडाखाना. पलटणीतला शब्द, पलटणीतली पद्धत: अधिकारी-शिपाई सगळे एका पंगतीला. आजोबा स्वतः मोठ्या टोपात मटण रांधायचे आणि वाडीतलं प्रत्येक घर जेवायला असायचं. फक्त ११ तारीख मार्गशीर्षातल्या गुरुवारी आली की आजीचा महालक्ष्मीचा उपास आडवा यायचा. मग मटणाऐवजी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

यंदा नेमका गुरुवार. आजीही आता नाही, पण काकीनं तिचंच चालवलं. सकाळपासून वाटप भाजल्याचा वास. वडे तळायला तिघी, सोलकढी काढायला दोघी. बाबांनी पंगतीत वाढलं. परसातल्या कलमावर मोहोर नुकता कुठे कुठे दिसत होता आणि उन्हात बसवत नव्हतं, म्हणून पंगत पडवीत घेतली.

जेवणं झाल्यावर मागल्या दारी चार-पाच म्हाताऱ्या सुपारी कातरत बसल्या होत्या. मी पाया पडायला गेले. एकीनं माझा हात धरला. "सुबेदारांची नात मां तू? बस." आणि मग सांगितलं, "माजी पेन्शन बंद झाली गो. बोटां उठनत नाय."

त्या सगळ्या माजी सैनिकांच्या विधवा. कोणाचा नवरा मराठात होता, कोणाचा महारमध्ये, एकीचा नौदलात. पेन्शन चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आजोबा दर नोव्हेंबरात या सगळ्यांना घेऊन एसटीनं देवगडला बँकेत जायचे, सगळ्यांचे फॉर्म स्वतः भरायचे, आणि येताना प्रत्येकीला चहा-भजी खायला घालायचे. हे त्यांनी निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सुरू केलं आणि नव्वदीतही केलं. घरात आम्हाला एवढंच माहीत होतं की नोव्हेंबरात आजोबा मुंबईला येत नाहीत. यंदा त्या आपापल्या परीनं गेल्या. भातलावणी, भारे, भांडी यांत जन्म घालवलेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, यंत्रानं ठसे घेतले नाहीत. दोघींनी परत जायचा नाद सोडला.

"सुबेदार होते तवसर माका एकटीक ब्यांकेत जावचा लागूक नाय," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. आठवण सांगावी तसं सांगितलं तिनं.

बाबा उठले आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यात आजोबांची लांबट वही होती: प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचा आर्मी नंबर, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा), बँक, खातं. पुढं त्यांच्या अक्षरातले शेरे. 'डावा कान.' 'मुलगा वसईला.' 'पायऱ्या चढवत नाहीत.'

लेकीनं तोवर फोनवर शोधून काढलं होतं की हल्ली दाखला चेहऱ्यावरूनही देता येतो. फक्त वाडीत रेंज नाही, ती सड्यावर येते. मग आमची गाडी आणि शेजारच्यांची रिक्षा भरून सगळ्या वर गेलो. कातळावर वारा, पदर सावरत एकेक आजी मोबाइलसमोर बसलेली, लेक सांगतेय, "आजी, डोळे मिटा, आता उघडा." बाबा वहीतून नंबर वाचतायत. एका आजीनं विचारलं, "माजो फोटो कित्याक काढतंस?" तिला समजावून सांगितल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी जिती आसंय म्हणान सांगूक सड्यार इलंय!" हसण्याचा केवढा मोठा आवाज झाला तिथं.

सूर्य खाली जाईपर्यंत एक सोडून सगळ्यांचं झालं.

ज्यांच्या घरात पेन्शनर आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप लागतात. आधार क्रमांक, पीपीओ नंबर आणि खाते क्रमांक आधीच कागदावर काढून ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल कोणाकडे आहे ते पाहा, बहुतेक वेळा तो मुंबईतल्या मुलाच्या खिशात असतो. उजेडात बसवा, पण उन्हाकडे तोंड करून नको. नोव्हेंबर चुकला तरी धीर सोडू नका, दाखला दिला की थांबलेली पेन्शन सुरू होते आणि राहिलेलीही मिळते. कागदपत्रांत जास्त गुंता असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

दिवस पाचवा: वर्षश्राद्ध

शुक्रवारी श्राद्ध झालं. विधीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, नीट झालं. जेवायला इतकी माणसं आली की काकीला भात दोनदा टाकावा लागला. आचऱ्याहून एक निवृत्त हवालदार आले होते, काठी टेकत. आजोबांच्या फोटोसमोर त्यांनी काठी भिंतीला लावली, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट केला. मग बाबांना बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या वर्षी दाखल्याचं कोण बघणार? आमच्या गावातही चार जणी आहेत.

दिवस सहावा: परत

शनिवारी पहाटे मी, नवरा आणि लेक निघालो, कणकवलीमार्गे महामार्गानं. मुंबईपर्यंत दिवस जातो, चिपळूणला जेवायला थांबा.

बाबा मागं राहिले. सड्यावर जिचं जमलं नाही त्या आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पापणी मिटलेली फोनला कळेचना. तिला बँकेतच न्यायला हवं होतं. पण दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी सकाळच्या एसटीनं बाबा तिला घेऊन देवगडला गेले. दुपारी बाबांचा फोन आला: दाखला झाला, आता चहा-भजी खातोय, आणि आचऱ्याच्या चौघींचे नंबर वहीत लिहून घेतलेत.